हमीची मुदत

गेल्या वर्षी श्रावणाच्या अखेरीस पेण येथे आमच्या एका आप्तांच्या घरी जाण्याचा योग आला. गणपती दहा-बारा दिवसांवर आले होते. गावातील कारखान्यांतून मूर्तींच्या डोळ्यांची अखेरची आखणी चालली होती, मुंबईकडे मूर्ती नेणाऱ्या ट्रकांनी रस्ते अडले होते, आणि आमच्या आप्तांच्या माजघरात शीतकपाट, म्हणजे घरोघरी ज्यास फ्रीज म्हणतात ते, आपली पाठ आमच्याकडे करून उभे होते. ते घेऊन चौदा महिने झाले होते. दुरुस्तीस आलेल्या तरुण मेकॅनिकने मागील नळ्यांत दाब भरला, सांध्यांवर साबणाचे पाणी सोडले आणि एका सांध्यावर येणारे बुडबुडे दाखविले. गॅस तेथून झिरपून गेला होता. "काका, वॉरंटी बारा महिन्यांची. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची आहे, पण कॉम्प्रेसर तर चांगला आहे," असे तो अदबीने म्हणाला. त्यात त्या बिचाऱ्याचा काही अपराध नव्हता. आमच्या आप्तांनी हमीपत्र पुन्हा एकवार वाचले, त्याची घडी घातली आणि ते म्हणाले, "म्हणजे कंपनी सुटली."

कंपनी खरोखरच सुटली काय, हा प्रश्न आम्ही त्या दिवसापासून मनाशी घोळवीत आहो. आमचा व्यवसाय इतिहास शिकविण्याचा, वकिलीचा नव्हे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास एक खोड जडलेली असते. कोणताही नियम समोर आला की तो कोणी, केव्हा व कोणाच्या सोयीसाठी घातला, हे विचारल्यावाचून त्यास राहवत नाही. बारा महिन्यांचा हा नियम कोणी घातला? सरकारने म्हणावे, तर कोणत्याही कायद्यात तो सापडत नाही. ज्याने वस्तू विकली त्यानेच तो घातला आहे. आणि तरीही सुशिक्षित घरांतूनसुद्धा त्यास शास्त्रवचनाइतका मान मिळतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

शास्त्रवचनाचा उल्लेख आला आहे, तर प्रथम तिकडेच वळू. विकत घेतलेल्या वस्तूबद्दल मागाहून पस्तावा झाला असता काय करावे, याचा विचार आपल्या स्मृतिकारांनी 'क्रीतानुशय' या व्यवहारपदाखाली केला आहे. मनूने विकणारा व घेणारा अशा दोघांसही दहा दिवसांची सवलत दिली. नारदाने हिशेब अधिक बारीक केला: घेतलेली वस्तू त्याच दिवशी जशीच्या तशी परत करावी, दुसऱ्या दिवशी परत केल्यास किमतीचा तिसावा भाग सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, त्यापुढे ती घेणाऱ्याच्या गळ्यात पडली. परंतु आमच्या विषयास सर्वांत उपयोगी पडणारे वचन याज्ञवल्क्याचे आहे. त्याने परीक्षेच्या मुदतीची यादीच दिली आहे. बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक दिवस, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन. याच यादीत दासीस एक महिना व दासास अर्धा महिना असेही लिहिले आहे, आणि ते वाचताना आजच्या वाचकाची मान खाली जाते; ते झाकून ठेवण्याचे काही कारण नाही.

या यादीतील आकडे सहज बसविलेले नाहीत. पेरलेले बी उगवले की नाही हे कळावयास आठ-दहा दिवस लागतातच. गाय किती दूध देते ते तीन दिवसांच्या धारांत समजते. बैल जोखडाखाली पाच दिवस चालला की त्याचे खोड बाहेर पडते. लोखंडाचे बरेवाईट एका दिवसात ठरते. म्हणजे मुदत ठरविताना स्मृतिकाराने विकणाऱ्याची मर्जी पाहिली नाही. त्या वस्तूतील दोष प्रकट होण्यास किती काळ लागतो, हे पाहिले. यंत्रयुगातील वस्तूंस हाच न्याय लावला असता तर काय झाले असते? दहा-बारा वर्षे चालावे म्हणून घेतलेल्या शीतकपाटास आणि कपड्यांच्या इस्त्रीस एकच बारा महिन्यांची पट्टी लावणे याज्ञवल्क्यास खचित पटले नसते.

पश्चिमेकडील इतिहास याहून चमत्कारिक आहे. घेणाऱ्याने सावध असावे, विकणारा जबाबदार नाही, या अर्थाचे 'कॅव्हियट एम्प्टर' हे लॅटिन सूत्र आमच्या विद्यार्थिदशेत आम्ही रोमचे म्हणून पाठ केले होते. भाषा रोमची खरी, पण रोमचा कायदा असा नव्हता. तेथील बाजारावर देखरेख करणारे जे एडाईल नावाचे अधिकारी असत, त्यांच्या आज्ञापत्राप्रमाणे गुलाम किंवा जनावर विकणाऱ्यास त्याचे दोष आधी सांगावे लागत. न सांगितल्यास घेणाऱ्याने सहा महिन्यांच्या आत सौदा मोडावा, अथवा एक वर्षाच्या आत किमतीतील फरक मागावा, अशी तजवीज होती. विकणाऱ्यास मोकळे सोडण्याचे काम केले ते इंग्लंडने. १६०३ मध्ये तेथे चँडलर व लोपस यांचा एक खटला झाला. एका जवाहिऱ्याने शंभर पौंडांस एक खडा विकला आणि तो बेझोआर आहे असे सांगितले. प्राण्याच्या पोटात सापडणारा व विषावर उतारा समजला जाणारा हा खडा. त्याच्या नावाचे मूळ फारसीतील पादझहर हे होय. खडा खोटा निघाला. न्यायालयाने निर्णय दिला तो असा की, जवाहिऱ्याने तो बेझोआर आहे एवढे म्हटले खरे, परंतु तशी हमी दिली नव्हती. सबब घेणाऱ्यास दाद नाही. बोलणे वेगळे आणि हमी देणे वेगळे, हा भेद या दिवसापासून पुढील अनेक पिढ्यांच्या व्यापाऱ्यांस मानवला.

जेथे वस्तू डोळ्यांसमोर पारखता येते तेथे या सूत्रात फारसा अन्याय नाही. आमच्या पेणचेच उदाहरण घ्या. कोकणात पुष्कळ घरी आपला पाट कारखान्यात नेऊन देण्याची चाल आहे. त्या पाटावर मूर्ती घडते, आणि घरचा कर्ता ती न्यावयास जातो तेव्हा बोटे, सोंड, डोळे सारे निरखून मगच उचलतो. घरी आणल्यावर रंगाविषयी तक्रार करील तर लोक हसतील. तांब्यापितळेच्या भांड्यांचेही तसेच. भांडे वाजवून पाहावे, उजेडाकडे धरून छिद्र पाहावे, वजन करावे. पुढे फुटलेच तर तांबट डाख लावून देई, कल्हईवाला दारावर येई. आणि अगदीच निकामी झाले तर त्याची मोड येई. ज्या वस्तूस मोड आहे तिची हमी तिच्या धातूतच असते. पण शीतकपाटाच्या पाठीतील नळीचा सांधा गिऱ्हाइकाने कोठे उभे राहून पारखावा? कारखान्यात बंद झालेला तो डबा उघडून पाहण्यास सांगेल असा दुकानदार आम्हांस तरी भेटावयाचा आहे.

इंग्लंडात यंत्रांचा माल वाढला तसे हे सूत्र न्यायाधीशांनाच जाचू लागले, आणि एकोणिसाव्या शतकातील अनेक निवाड्यांतून ते थोडे थोडे झिजत १८९३ च्या माल-विक्रीच्या कायद्यात त्यास मोठे अपवाद जोडले गेले. त्याच धर्तीवर आपल्याकडे १९३० चा कायदा झाला. तोपर्यंत विक्रीचे नियम १८७२ च्या कराराच्या कायद्यातच एका प्रकरणात होते. ते तेथून काढून स्वतंत्र करण्यात आले, आणि १ जुलै १९३० पासून नवा कायदा अमलात आला. तो आजही चालू आहे. त्याचे सोळावे कलम प्रत्येक गृहस्थाने एकदा तरी वाचावे असे आहे. सुरुवातीस तेच जुने सूत्र आहे: मालाच्या प्रतीविषयी विकणाऱ्याची कोणतीही गर्भित हमी नसते. मात्र लगेच अपवाद येतात. त्या जातीच्या मालाचा जो व्यापारी आहे त्याच्याकडून वर्णनावरून माल घेतला असेल, तर तो विक्रीयोग्य प्रतीचा असलाच पाहिजे; कोणी तसे तोंडाने कबूल केलेले असो वा नसो. गिऱ्हाइकाने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसावयास हवे होते तेवढ्यांपुरती ही अट लागू नाही. म्हणजे बाहेरच्या पत्र्यास पडलेली पोच गिऱ्हाइकाच्या खाती. आतील सांधा नव्हे. याज्ञवल्क्याची परीक्षा येथे दुसऱ्या वाटेने परत आली.

आणि त्या कलमाचा चौथा पोटभाग! आमच्या आप्तांनी हमीपत्राची घडी घातली तेव्हा हा पोटभाग आम्हांस ठाऊक असता तर आम्ही त्यांचा हात धरला असता. स्पष्ट शब्दांत दिलेल्या हमीमुळे कायद्याने गृहीत धरलेली हमी नाहीशी होत नाही. ती दोन्ही परस्परविरुद्ध असतील तरच गोष्ट वेगळी, असे तो सांगतो. 'बारा महिन्यांत बिघाड झाल्यास फुकट दुरुस्त करून देऊ' हे वचन आणि 'विकला त्या दिवशी माल निर्दोष होता' हे गृहीत, यांत विरोध कोठे आहे? पहिले वचन बारा महिन्यांनी संपते. दुसऱ्यास महिने मोजण्याचे कारणच नाही, कारण ते एका दिवसापुरतेच, विक्रीच्या दिवसापुरते, बोलते. दोष त्या दिवशी सांध्यात होता आणि चौदाव्या महिन्यात प्रकट झाला, एवढेच गिऱ्हाइकास म्हणावयाचे असते.

अर्थात याच कायद्याचे बासष्टावे कलम विकणाऱ्यास असेही सांगते की, उभयपक्षी करार करून गृहीत हमी रद्द करता येईल. हमीपत्रांच्या पाठीमागे मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत जो मजकूर असतो त्यातील पुष्कळसा या कलमाच्या आशेवर लिहिलेला असतो. विजेच्या दाबातील चढउतार, गंज, दमट हवा यांनी झालेला बिघाड हमीत येत नाही, असे अनेक पत्रांत वाचावयास मिळते. भोगावतीच्या खाडीवरून खारी हवा बारमाही घरात येणाऱ्या पेणकरास, चार महिने पावसात भिजणाऱ्या कोकणास, ही पत्रे लिहिणाराने पाहिलेलेच नसावे! अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा करून, लेखी हमी देणाऱ्या कारखानदारास गृहीत हमी साफ नाकारण्याची मनाई केली. आपल्याकडे १९६९ च्या मक्तेदारीविषयक कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली, आणि पुरेशा कसोटीवाचून टिकाऊपणाची हमी देणे ही व्यापारातील अनुचित प्रथा ठरली. दिलेल्या हमीचा खोटेपणा त्यामुळे पकडता आला. न दिलेल्या हमीचा प्रश्न राहिलाच.

तथापि खरी अडचण कायद्याच्या शब्दांत नव्हती. १९३० पासून १९८६ पर्यंत छप्पन वर्षे सोळावे कलम पुस्तकात होते, आणि त्याचा आधार घ्यावयाचा तर दिवाणी न्यायालयात वकील देऊन, मुद्रांकशुल्क भरून, वर्षानुवर्षे तारखा मोजावयाच्या होत्या. एका पंख्यासाठी हे कोण करील? त्या अवस्थेतून वाट काढली ती मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाने, आणि आरंभी विशेषतः स्त्रियांनी. १९६६ मध्ये मुंबईत काही गृहिणींनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली व वस्तू तपासून त्यांचे निकाल प्रसिद्ध करण्याचा उपक्रम केला. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या घरांनी मिळून महिन्याचे वाणसामान एकत्र घ्यावे, ही त्या पंचायतीची साधी रीत. तूरडाळ एकत्र निवडणारी माणसे पुढे कायद्याचे मसुदे निवडू लागली, यात आम्हांस तरी नवल वाटत नाही. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ग्राहकरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली.

या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यास एक मंच दिला. आमच्या जिल्ह्याचा मंच अलिबागेस आहे. वकिलावाचून स्वतः उभे राहण्याची मुभा मिळाली, आणि दुकानदार व कारखानदार या दोघांसही एकाच तक्रारीत गोवता येऊ लागले. 'दोष' या शब्दाची व्याख्या फार विचारपूर्वक केलेली आहे: कायद्याने, स्पष्ट वा गर्भित कराराने, किंवा विकणाऱ्याच्या स्वतःच्या सांगण्याने जी प्रत, जे प्रमाण राखणे आवश्यक होते त्यातील कोणतेही न्यून म्हणजे दोष. या व्याख्येत हमीची मुदत हे शब्द कोठेही नाहीत. २०१९ च्या नव्या कायद्यातही व्याख्येचा हा गाभा कायम आहे.

तरीही जुन्या कायद्यात एक मेख होती, ती रोह्याच्या उदाहरणाने सांगतो. मुळशीचे पाणी सह्याद्रीवरून खाली उतरवून भिरा येथे १९२७ पासून वीज तयार होते, आणि तेच पाणी पुढे कुंडलिकेतून रोह्यावरून समुद्रास मिळते. वीज मुंबईस गेली. त्या विजेवर चालणारी घरगुती यंत्रे रोह्यास पुष्कळ मागाहून आली, आणि आली तीही मुंबईच्याच वाटेने. मुलगा मुंबईत नोकरीस, आईवडील रोह्यास, ही तेथील घरोघरची कथा. आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजिवांनी २०१६ साली दादरच्या एका दुकानातून कपडे धुण्याचे यंत्र घेतले व स्वतःच टेंपोत घालून गावी पोहोचविले. सतराव्या महिन्यात ते बंद पडले. जुन्या कायद्याप्रमाणे तक्रार करावयाची ती विरुद्ध पक्ष जेथे राहतो वा धंदा करतो, अथवा जेथे तक्रारीचे कारण घडले, तेथे. बिल दादरचे, कारखाना परराज्यातील. अलिबागेचा मंच जवळ असून परका ठरला. सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाने प्रत्येक तारखेस मुंबई गाठावी, ही गोष्ट कोणीही मनावर घेतली नाही, आणि यंत्र भंगारात गेले. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तेथेही तक्रार करण्याचा हक्क दिला. पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूच्या तक्रारीस शुल्क नाही. एका लहानशा पोटकलमाने दादर आणि रोहा यांमधले अंतर तोडले, ही आमच्या मते त्या कायद्यातील सर्वांत उपकारक सुधारणा होय, जरी वर्तमानपत्रांनी तिची फारशी वाहवा केली नाही.

वर्तमानपत्रांनी वाहवा केली ती त्यातील उत्पादन-दायित्वाच्या प्रकरणाची. १९३२ साली इंग्लंडच्या उमराव-सभेने, बाटलीत गोगलगाय निघाल्याबद्दल जिंजर-बिअरचा कारखानदार अनोळखी गिऱ्हाइकासही जबाबदार आहे असे ठरविले. त्या प्रसिद्ध निवाड्याचीच ही दूरची संतती. कारखानदाराची निष्काळजी सिद्ध न होताही तो जबाबदार धरला जातो. परंतु वाचकांनी येथे फसू नये. या प्रकरणात 'हानी' या शब्दातून खुद्द त्या वस्तूची हानी वगळलेली आहे. शीतकपाटाने पेट घेऊन स्वयंपाकघर जळाले तर हे प्रकरण धावून येईल. शीतकपाट नुसतेच मुकाट्याने थंड करावयाचे थांबले, तर दोषाच्या साध्या तक्रारीचाच मार्ग धरावा लागेल. तेथे दुरुस्ती, बदली वस्तू, पैसे परत व नुकसानभरपाई यांपैकी योग्य तो हुकूम मिळू शकतो.

मिळू शकतो म्हणतो, मिळतोच असे म्हणत नाही. पुराव्याचा भार गिऱ्हाइकावर आहे. नुसते पाहून दोष ठरत नसेल तर नमुना प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि तपासणीचा खर्च आधी तक्रारदारास भरावा लागतो. सहा फूट उंचीच्या कपाटाचा नमुना कसा पाठवावयाचा, हा विनोद ज्याने भोगला असेल त्यास हसू येणार नाही. न्यायालयांचा कौलही सदा गिऱ्हाइकाकडे नसतो. एका मोटारगाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हमीपत्रातील शब्दांनाच प्रमाण मानले, आणि सदोष भाग बदलण्यापलीकडे संपूर्ण गाडी बदलून देण्याचा हुकूम रद्द केला. ती गाडी तर मुदतीत होती. शिवाय तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल झाली पाहिजे. कारण केव्हा घडले, वस्तू घेतली तेव्हा की दोष दिसला तेव्हा, यावर दोन्ही पक्ष भांडतात. जो दोष कोणास दिसणेच शक्य नव्हते त्याची घटिका तो दिसल्यापासून सुरू व्हावी, असे आम्हांस वाटते. पण आमचे वाटणे हा कायदा नव्हे.

या साऱ्या खटपटीत दुरुस्तीचा प्रश्न मागे पडतो, आणि सामान्य घरास तोच अधिक जवळचा असतो. आमच्या आप्तांस नवे शीतकपाट नको होते. सांधा नीट करून हवा होता. एके काळी तांबट जो डाख तांब्यास लावी तोच, नाव बदलून, या नळीस लावावयाचा; पण कारखान्याने नळी कपाटाच्या पत्र्याआड अशी गाडली होती की पत्रा फाडल्यावाचून हात पोहोचेना. भारत सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी एक समिती नेमली, आणि त्याच वर्षीच्या ग्राहकदिनी, २४ डिसेंबर रोजी, सुटे भाग व दुरुस्ती यांची माहिती एकत्र मिळावी म्हणून एक दालन उघडले. फ्रान्सने २०२१ पासून काही ठराविक यंत्रांवर त्यांच्या दुरुस्तीयोग्यतेचा अंक छापणे सक्तीचे केले आहे. आपल्या दुकानांतील शीतकपाटांवर विजेच्या खर्चाचे तारे असतात. ते मोजावयास आमच्या घरच्या स्त्रिया केव्हाच शिकल्या आहेत, आणि दुरुस्तीचा अंक छापला गेला तर तोही त्या तितक्याच लवकर मोजतील.

पेणच्या शीतकपाटाचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. गणपतीत दूध-नैवेद्याची अडचण होऊ नये म्हणून आमच्या आप्तांनी स्वतःच्या खर्चाने पत्रा कापवून सांधा जोडून घेतला. मात्र आमच्या आग्रहावरून त्यांनी त्या तरुणाकडून बिलावरच लिहून घेतले: कॉम्प्रेसर ठीक, नळीचा मूळचा सांधा सदोष, बाहेरून मार वा गंज नाही. त्याने थोडे आढेवेढे घेतले, मग सहीसुद्धा केली. काढलेला नळीचा तुकडा कागदात गुंडाळून, त्यावर तारीख घालून, हमीपत्राजवळच ठेवला आहे. दुकानदारास व कारखान्यास पोचपावतीने पत्रे गेली. दुकानदाराचे उत्तर आले, त्यात हमीच्या मुदतीचाच हवाला आहे. कारखान्याचे आले नाही. दोष दिसला त्या दिवसापासून दोन वर्षे धरली, तर अलिबागेस जाण्यास अद्याप तेरा महिने शिल्लक आहेत. आप्तांनी तक्रारीचा मसुदा आमच्याकडे तपासावयास पाठविला आहे, आणि त्यात सोळाव्या कलमाचा चौथा पोटभाग त्यांनी आपल्या हाताने, ठळक अक्षरांत उतरून घेतला आहे.